पायरी सोडून सगळं

कोणताही कारागीर कोणाच्याही घरात शिरला की हत्यारांची पिशवी खाली ठेवण्याआधी एक प्रश्न विचारतो. भिंतीकडे बघतो, मान तिरकी करतो, जिभेने च्च् असा आवाज काढतो आणि म्हणतो, "हे काम कोणी केलंय?" त्याला उत्तर नको असतं. आधीचा माणूस अडाणी होता एवढं त्याला सगळ्यांच्या कानावर घालून ठेवायचं असतं, म्हणजे पुढे स्वतःचं काही वाकडं गेलं तर खापर फोडायला एक डोकं तयार राहतं.

सूनबाईच्या घरात मात्र या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते पुढच्या खोलीत खुर्चीवर पेपर वाचत बसलेलं होतं.

सासरेबुवांनी आयुष्यभर एका कचेरीत कागदांवर शेरे मारले. पण सुट्टीच्या दिवशी त्यांच्या अंगात गवंडी, सुतार, वायरमन असे सगळे एकदम संचारायचे. "त्यात काय अवघड आहे?" असं म्हणून त्यांनी हे घर आतून स्वतःच्या हातांनी केलं होतं. स्वयंपाकघरातला ओटा इतका तिरका होता की लिंबू ठेवलं तर ते आपलं आपण चालत जाऊन भिंतीला टेकायचं. कपाट सुरेख होतं, फक्त ते उघडायला पलंग सरकवावा लागे. बाथरूमचा दिवा स्वयंपाकघराच्या दारामागून लागायचा, त्यामुळे बाथरूमला निघालेल्या माणसाला आधी स्वयंपाकघरात वर्दी द्यावी लागे.

आणि बाथरूमला पायरी होती. सांडपाण्याच्या पाइपसाठी भिंतीला भोक पाडायचं होतं, ते सासरेबुवांनी मागच्या चौथऱ्यावर उभं राहून मोजलं. चौथरा घरातल्या जमिनीपेक्षा उंच आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पाइप आत निघाला तो अधांतरी. दुसऱ्या कोणीही भोक बुजवून पाइप खाली घेतला असता. सासरेबुवांना पाइप खाली आणण्यापेक्षा जमीन वर नेणं सोपं वाटलं. त्यांनी अख्खं बाथरूम उचललं, दारात पायरी बांधली आणि सांगितलं, "आता पाणी बाहेर येणार नाही." तेव्हापासून पाणी पायरीवरून धबधब्यासारखं बाहेर येत होतं.

हे सगळ्यांना दिसत होतं, पण कोणी बोलत नसे. पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "अहो, ही पायरी जरा…" एवढंच. सासरेबुवा त्यावर पंधरा दिवस गप्प होते. जेवताना गप्प, झोपताना गप्प, येता-जाता पायरीला हात लावून बघायचे आणि सुस्कारा सोडायचे. तेव्हा सासूबाईंनी तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलंच. पुढे तो घरचा रिवाजच झाला. लग्न होऊन आली त्या आठवड्यात सूनबाईला त्यांनी बाजूला घेऊन समजावलं होतं, "दिवा दारामागून लागतो. लागतो, हे महत्त्वाचं. तिथून का, असं विचारायचं नाही."

सूनबाईने कधीच विचारलं नाही.

मग एके सकाळी सासूबाई त्या पायरीवरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "बाथरूमला उंबरा, पायरी, चढउतार काही चालणार नाही. पुन्हा पडल्या तर मग कठीण आहे." म्हणून सासूबाईंना लेकीच्या घरी नेलं. तिच्याकडे सगळं सपाट होतं. इकडची पायरी निघाली की त्या परत येणार असं ठरलं.

आता एक पायरी काढायला काय लागतं? एक गवंडी आणि एक सकाळ. पण सूनबाई, तिचा नवरा आणि नणंद यांनी फोनवर खल केला आणि तिघांचंही एकमत झालं की नुसती पायरी काढली तर बाबांना लागेल. तिच्यावर बोट ठेवल्यासारखं होईल. बाबा खचतील. त्यापेक्षा घर जुनं झालंय, सगळंच नवं करून घेऊ, त्या गर्दीत पायरीही जाईल. असं करून या शहाण्या माणसांनी एक पायरी काढायची म्हणून अख्खं घर काढायला घेतलं.

"तू ठरव, मला चालेल," असं म्हणून नवरा कामावर गेला. फरशीचा रंग, नळाचा आकार, दाराची मूठ, सगळ्यावर त्याचं हेच मत होतं. त्यामुळे कारभार सूनबाईकडे आला, आणि तो योग्य हाती आला. ती शाळेत शिकवायची आणि सगळ्या शाळेचं वेळापत्रक करायची. गणिताचे सर आणि चित्रकलेच्या बाई एकाच तासाला एकाच वर्गात तिने कधी पाठवले नव्हते. गवंडी, प्लंबर, वायरमन, फरशीवाला, सुतार, रंगारी यांचेही तिने तास लावून टाकले.

खरं अवघड वेळापत्रक सासरेबुवांचं होतं. त्यांच्या हातचं काही फुटायचं असेल तेव्हा ते घरात असता कामा नयेत. ओटा फुटला त्या दिवशी त्यांना वाचनालयात धाडलं. कपाट निघालं तेव्हा जुन्या मित्राकडे. वायरिंग उपसलं तेव्हा डोळे तपासायला, प्लास्टर पाडलं तेव्हाही डोळे तपासायला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनीच विचारलं म्हणे, "घरी काही त्रास आहे का तुम्हाला?" परत आल्यावर सूनबाई तयार असायची. कपाटाला वाळवी लागली होती. ओट्यात ओल धरली होती. प्रत्येक वस्तू कशी आपल्याच प्रकृतीने गेली.

आणि कारागिरांना तिने फाटकातच गाठून दम भरला होता. "आधीचं काम ज्यांनी केलंय ते घरातच असतात. कोणी केलंय असं विचारायचं नाही. बोलायचंच असेल तर चांगलं बोला."

ती माणसं बिचारी आज्ञाधारक निघाली. वायरमनने बोर्ड उघडला तर आतल्या सगळ्या वायरी एकाच रंगाच्या. च्च् त्याच्या जिभेवर आलं होतं, पण सासरेबुवा शेजारीच उभे होते. "वा," तो म्हणाला, "काय एकी आहे वायरींमध्ये!" सुतार म्हणाला, "असं कपाट मी जन्मात पाहिलं नाही," आणि ते खरंच होतं. फरशीवाला ओट्याच्या उताराला दाद देऊन मोकळा झाला.

सासरेबुवा दर वेळी "हं" म्हणायचे. प्रत्येक कौतुकागणिक ते जरा आक्रसायचे. आधी फिरून बघायचे, ते बंद झालं. मग पेपर नुसता धरून बसायला लागले, पान उलटायचं राहून जायचं. सूनबाईच्या जिवाला घोर लागला. तिला वाटलं, आपल्या हातचं जातंय म्हणून झुरताहेत. तिने कारागिरांना सांगितलं, "अजून जरा चांगलं बोला."

खरं तर बाथरूमचा तास पहिला हवा होता. फोडाफोड आधी, पाइप आधी, हे कोणालाही कळतं. पण पायरीच्या धास्तीने सूनबाईने तो ढकलत ढकलत अगदी शेवटी नेला. प्लंबर चिडला. "बाई, स्वयंपाकघरात नवी फरशी बसली, आता पाइप काय डोक्यावरून नेऊ?" फरशीवाल्याने जाहीर केलं की त्याची फरशी कोणी उचकटली तर तो परत पाऊल ठेवणार नाही. सुतार दाराच्या मापासाठी अडला, रंगारी सुतारासाठी अडला, आणि सगळे मिळून अंगणात बसून चहा पिऊ लागले. आयुष्यात पहिल्यांदा सूनबाईच्या वेळापत्रकात सगळे शिक्षक एकाच वर्गात आले होते आणि शिकवणारं कोणी नव्हतं.

आतापर्यंतची फोडाफोड मजुरांवर भागली होती; शेवटी तिने मन घट्ट केलं आणि गवंड्याला बोलावलं. सासरेबुवा त्या दिवशी घरातच होते. कुठे पाठवायचं, ठिकाणंच संपली होती.

"मला खोटं बोलता येत नाही," गवंडी फाटकात म्हणाला.

"मग गप्प बसा."

"तेही येत नाही."

"पायरीचं कौतुक करा आणि फोडा. एवढंच करायचंय."

गवंडी आत गेला. त्याने पायरी बघितली, पायरीच्या वरचं ते उचललेलं बाथरूम बघितलं, त्याचे गाल आतून काहीतरी अडवल्यासारखे फुगले. आणि न येणारी गोष्ट माणूस करायला गेला की हात जड पडतो, तसं झालं. "काय पायरी आहे साहेब!" तो ओरडला. "राजवाड्याला शोभेल! अशी पायरी फोडायची म्हणजे माझ्या हातून पाप होणार बघा!"

सासरेबुवांनी पेपरची घडी घातली. "मग फोडू नका."

"अं?"

"राजवाड्याला शोभेल म्हणालात ना? राहू द्या." ते उठले, बाथरूमच्या दारापाशी आले आणि पायरीवर बसले. "बाकी काय करायचंय ते करा. पायरीला हात लावायचा नाही."

गवंड्याने सूनबाईकडे बघितलं. सूनबाईने गवंड्याकडे असं बघितलं की तो पिशवी उचलून थेट अंगणात गेला आणि चहात सामील झाला.

त्यानंतर सासरेबुवांनी पायरीवर ठाणच मांडलं. पेपर तिथे, चहा तिथे. अंघोळीला जाणाऱ्याला ते सरकून वाट द्यायचे आणि तो बाहेर आला की पुन्हा जागेवर बसायचे. मुलाने समजावून बघितलं. "बाबा, तुम्हाला हवं तसं करू," असं म्हणून तो जो कामावर गेला तो उशिराच यायला लागला.

नणंदेचा फोन आला. सूनबाईने घडलं ते सांगितलं. नणंद म्हणाली, "हे बघ वहिनी, बाबांना ती पायरी एवढी प्यारी असेल तर राहू दे. आईला मी इथेच ठेवते. तिच्यासाठी पलंगही घेतलाय."

"किती दिवस ठेवणार, ताई?"

"दिवस कसले? आता इथेच. तशी ती रोज विचारते, घर झालं का म्हणून. विचारेल काही दिवस, मग थांबेल."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "त्यांना दे गं फोन." सूनबाई फोन घेऊन पायरीपाशी गेली. सासरेबुवांनी फोनकडे बघितलं, हात अर्धा पुढे केला आणि मागे घेतला. "काम चालू आहे म्हणावं," ते म्हणाले.

सूनबाईने तसं सांगितलं. फोन ठेवला. आणि मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगणात सहा कारागीर, स्वयंपाकघरात पाइप नाही, घरभर धूळ, उशीत सिमेंट, आणि त्या तिकडे एक बाई रोज विचारतेय घर झालं का, आणि हे इथे पायरी उबवत बसलेत!

"बाबा, उठा."

"का?"

"ही पायरी वाईट आहे म्हणून." एकदा कुलूप उघडलं तसं मग तिला थांबता येईना. "आज नाही, पहिल्यापासून वाईट आहे. पाइप तुम्ही चुकवलात आणि पाइप सुधारायचा सोडून घराची जमीन उचललीत. पाणी बाहेर येतं. प्रत्येक पाहुणा ठेचकाळतो. आणि आई हिच्यावरूनच पडल्या, बाबा. हिच्यामुळेच पडल्या."

बोलून झालं आणि ती भानावर आली. आता हे कोसळणार, छातीत दुखलं म्हणणार, आणि सगळं आपल्या डोक्यावर येणार. अंगणातला आवाजही बंद झाला होता. सहाही जण कान देऊन बसले होते.

सासरेबुवांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "आणखी?" ते म्हणाले.

"आणखी काय?"

"ओट्याचं सांग."

"ओटा तिरका होता."

"कपाट?"

"कपाट म्हणजे कहर होता, बाबा. साधा टॉवेल काढायचा तर दोन माणसं लागायची."

सासरेबुवा मान डोलवत होते. उपाशी माणसाला कोणीतरी एकेक वाढावं तसा त्यांचा चेहरा होत चालला होता. "आणि दिवा?"

"दिव्याचं तर मला लग्न झाल्यापासून विचारायचंय. का, बाबा? दारामागे का?"

"वायर तिथपर्यंतच पुरली," ते म्हणाले.

सूनबाईला हसू आवरेना. सासरेबुवाही हसले, आणि हसता हसताच त्यांनी पायरीवर हात टेकला. "हॉस्पिटलात तिला आत नेलं, तेव्हा मी तुला म्हणालो होतो. माझ्या पायरीमुळे झालं, असं म्हणालो होतो. तू काय म्हणालीस, आठवतंय?"

तिला आठवलं. ती म्हणाली होती, "तसं काही नाही बाबा, फरशी ओली होती."

"तू म्हणालीस फरशी. मुलगा म्हणाला वय. लेक म्हणाली चप्पल गुळगुळीत झाली होती. फरशीची चूक, वयाची चूक, चपलेची चूक. माझी चूक मला कोणी देईचना. वर तू एकेक भाट आणून माझ्यासमोर उभा केलास. हे सगळं चांगलंच होतं तर ती पडली कशी? वेडा आहे का मी?" त्यांनी पायरीवर थाप मारली. "मग म्हटलं, घरातलं कोणीतरी एकदा तोंडावर वाईट म्हणेपर्यंत इथून उठायचं नाही."

"आईंना का नाही सांगितलंत?"

"तिच्यापुढे तोंड उघडलं की ती विचारते, जेवलात का. मी म्हणतो जेवलो. मग राहतंच."

सूनबाईला रडू आलं. आपण या माणसाला जपतोय अशी तिची समजूत होती, आणि आपण त्यांना एकटं पाडलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. "चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली.

"बघ, किती पटकन म्हणालीस," सासरेबुवा म्हणाले. "आता उठव मला. पाठ धरलीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गवंड्याकडून घण मागून घेतला. पायरी तेच फोडणार होते. सहाही कारागीर बघायला दाटीवाटीने उभे राहिले. सासरेबुवांनी घण उचलला, मारला, आणि घणच उडाला. पायरीवर ओरखडासुद्धा नाही. पुन्हा मारला. मग गवंड्याने मारला, मग प्लंबरने. त्या घरातली बाकी प्रत्येक वस्तू नुसता हात लावल्यावर सुटून आली होती, आणि ही एक पायरी मात्र घट्ट रोवून उभी होती.

"हे काम कोणी—" गवंड्याच्या तोंडून निघून गेलं.

"मी," सासरेबुवा तत्परतेने म्हणाले.

"एवढं सिमेंट?"

"मोडेल म्हणून भीती वाटत होती."

मग ब्रेकर मशीन आणलं. शेवटचा तुकडा मात्र सासरेबुवांनी स्वतःच्या हातांनी उचलून बाहेर नेला, कोणाला हात लावू दिला नाही. आणि त्या दिवसापासून घरात वेगळीच मजा सुरू झाली. कारागिरांची तोंडं मोकळी झाली होती. वायरमनने त्या एका रंगाच्या वायरींबद्दल इतके दिवस साठवलेलं सगळं बोलून घेतलं. सासरेबुवा खुर्ची ओढून त्यांच्यात जाऊन बसत आणि राहिलेल्या चुका स्वतःहून दाखवत. "हे तुम्ही पाहिलंच नाही," असं म्हणून त्यांनी सुताराला खिडकीच्या चौकटीपाशी नेलं. सुताराने कपाळाला हात लावला आणि सासरेबुवा खूश झाले. प्लंबरचा पाइप फरशीवाल्याने स्वतःच्या हाताने फरशी उचकटून खालून नेऊ दिला. कोणाच्या रागाची कोणाला भीती उरली नव्हती, त्यामुळे भांडणं मोठ्याने झाली आणि लवकर मिटली. बाथरूम खाली आलं.

सासूबाई आल्या त्या दिवशी घराला अजून रंगाचा वास होता. एका बाजूला वॉकर, दुसऱ्या बाजूला लेक. त्यांनी ओटा बघितला, नवं कपाट उघडून मिटून बघितलं, सगळ्याला "छान आहे" म्हणाल्या. जुन्या सवयीने हे चांगलं ते चांगलं म्हणत त्या बाथरूमपाशी पोहोचल्या. सासरेबुवांनी लेकीला बाजूला केलं आणि त्यांचा हात स्वतः धरला.

दारात दोघांनीही एकदमच पाय उचलला. वर, जिथे आता काहीच नव्हतं तिथे. सासूबाई डगमगल्या, नणंद किंचाळली, सूनबाई धावली. पण सासरेबुवांनी हात पक्का धरलेला होता. उचललेला पाय सासूबाईंनी हळूच खाली, सपाट जमिनीवर टेकवला आणि त्या खाली बघत राहिल्या.

"पायरी?"

"फोडली."

"कोणी?"

"मी. बांधली होती मीच." सासूबाई काही विचारायच्या आत सासरेबुवांनी घाईघाईने सांगून टाकलं, "मी जेवलोय. आधी ऐकून घे. माझ्यामुळे पडलीस तू. पहिल्याच दिवशी सांगत होतीस, तेव्हा ऐकायला हवं होतं. चुकलं माझं."

"जाऊ द्या हो बाबा" असं सूनबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते दातांखाली धरून ठेवलं, आणि तोंड उघडू बघणाऱ्या नणंदेच्या दंडालाही चिमटा काढला.

सासूबाईंनी जिथे पायरी होती तिथे वॉकरने एकदा ठोकून बघितलं. मग म्हणाल्या, "खुर्ची आणा."

"का गं? दुखतंय का?" सासरेबुवा घाबरले. सूनबाईने खुर्ची आणली. सासूबाई बसल्या, वॉकर बाजूला केला, पाठ टेकून नीट सरसावून बसल्या आणि हात मांडीवर ठेवले.

"हं. आता म्हणा," त्या म्हणाल्या. "उभ्या उभ्या ऐकून घालवण्यासारखी गोष्ट नाही ही."

सासरेबुवा त्यांच्यापुढे शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"मोठ्याने."

"चुकलं माझं!"

सासूबाईंचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "उठवा आता मला," त्या म्हणाल्या. "तोंड धुवायचंय."